उरलेले सात दगड

फाटकाच्या उजव्या भिंतीने पोट काढलंय, ही बातमी साहेबांनी तिला हसत हसत दिली.

"तुमचं उतरलं आणि तिचं आलं," ते म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन फाइल तिच्या टेबलावर टाकून पुढे निघाले. दाराशी थांबून म्हणाले, "जाऊन बघून या. अहवाल दोन ओळींचा पुरे. कारागिराने स्वतःच लिहून दिलंय, आपल्याला डोकं लढवायला नको."

तीही हसली. लगेच हसली, कारण हसायला क्षणभर उशीर झाला असता तर चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी दिसलं असतं.

फाइलमध्ये रेघांच्या वहीतून फाडलेला एक कागद होता. अक्षर मोठं, एकेक शब्द दगडासारखा सुटा ठेवलेला. "भिंत मी बांधली. चूक माझ्याकडूनच झाली असणार. हल्ली माझ्या लक्षात राहत नाही. यापुढे मी काम घेणार नाही." खाली सही, आणि सहीच्या पुढे तारीख दोनदा. एकदा खोडून, एकदा पुन्हा तीच.

तिने कागद फाइलमध्ये ठेवला, फाइल बंद केली आणि मोबाइल उचलून सासूबाईंना फोन लावला.

"झोपलीय गं ती," सासूबाई म्हणाल्या. "अकरा वाजल्यापासून तिसरा फोन हा. मी म्हातारी आहे, पण पोरगी कुठे ठेवली ते विसरण्याइतकी नाही."

एरवी ती या टोमण्यावर जीभ चावून गप्प बसायची. आज तिला तो टोमणा कुठेतरी खोल जाऊन लागला.

जुन्या इमारती मोजून त्यांचे नकाशे काढायचं तिचं काम. कॉलेजात शिकली तेव्हापासून तिचा हात नावाजलेला. दगडाची कड झिजलेली असेल तर तिच्या चित्रात ती झिजलेलीच यायची. "हिने दगडांची बारशी तेवढी करायची ठेवलीयत," असं ऑफिसातले म्हणत. म्हणूनच गेल्या वर्षी एका खेड्यातल्या चर्चच्या आवाराचं फाटक उतरवून पुन्हा बांधायचं ठरलं, तेव्हा मोजणी तिच्याकडे आली. बाळंतपणाच्या रजेनंतरचं पहिलंच काम. पोरगी सात महिन्यांची.

काम तसं सुंदर होतं. चर्चभोवती छातीएवढ्या उंचीची गोल फिरणारी भिंत, वरचे दगड अर्धगोल, पाण्याने आणि हातांनी गुळगुळीत झालेले. आतली जमीन बाहेरच्या रस्त्यापेक्षा दोन हात वर. शेकडो वर्षं माणसं पुरून पुरून ती वर आली होती, आणि भिंत तिला कुशीत घेतल्यासारखी धरून उभी होती. भिंतीत एकच मोठं फाटक. त्याला दोन्ही बाजूंनी पुरुषभर उंचीच्या जाड भिंती, त्यावर लाकडी छप्पर, आणि मधोमध लांबट सपाट दगड. अंत्ययात्रा आली की खांदेकरी शवपेटी त्या दगडावर टेकवत आणि फादर बाहेर येईपर्यंत छपराखाली उभे राहत. विसाव्याचा दगड. गावातलं प्रत्येक घर आयुष्यात कधी ना कधी त्याच्याशी थांबलं होतं.

छपराची लाकडं कुजली होती, भिंती कलल्या होत्या. म्हणून सगळं उतरवायचं, आणि दगडाला दगड जुळवून होतं तसंच उभं करायचं. त्यासाठी एकेका दगडावर खडूने नंबर घालायचा, तोच नंबर नकाशावर. आधी बाहेरची बाजू, मग आतली.

बाहेरची बाजू तिने दोन दिवसांत केली. तिसऱ्या दिवशी आतली करायची होती. आतून भिंतीवर जाड वेल चढलेला. तो सोडवून, दगड उघडे करून मोजायचे. तिने विळा आणला होता, हातमोजे आणले होते. सकाळी साडेदहाला तिने घरी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. वीस मिनिटांत तिने नऊ वेळा लावला आणि प्रत्येक वेळी तिच्या डोळ्यांपुढे एक नवीन दृश्य उभं राहिलं: पाळण्याची दोरी, गरम पाण्याचं पातेलं, जिना, बाथरूमच्या निसरड्या फरशीवर पडलेल्या सासूबाई आणि शेजारी रडून रडून निळी पडलेली पोर. अकरा वाजता ती विळा गाडीत टाकून निघाली.

घरी दोघी गाढ झोपलेल्या होत्या. फोन उशीखाली होता. पोरीची मूठ आजीच्या बोटाभोवती.

"लवकर आलीस?" सासूबाईंनी डोळे चोळत विचारलं.

"संपलं काम," ती म्हणाली.

ते एक खोटं. मग त्याच्या पोटातून दुसरं निघालं. संपलं म्हटल्यावर परत कशाला जायचं? दुसऱ्या दिवशी दगड उतरवणारी टोळी क्रेन घेऊन येणार होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने आतल्या बाजूचा नकाशा काढला. बाहेरची बाजू उलटी करून घेतली, थोडे सांधे इकडेतिकडे हलवले, वेलामागे असतील असे वाटणारे दगड टाकले. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे लांब आरपार दगड बाहेरून चार दिसत होते, म्हणून आतूनही चार काढले. झिजलेल्या कडासुद्धा काढल्या. तो नकाशा तिच्या आजवरच्या कामातला सगळ्यात देखणा होता. टोळीच्या मुकादमाला तिने फोनवर सांगितलं, "आतले दगड साधे आहेत, थराथराने ढीग लावले तरी चालेल."

मग गवंडीकाका आले. सत्तरीला टेकलेले, काटक, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायची सवय. चुन्याचं काम जाणणारा त्या भागात तोच एक माणूस उरला होता. आठवडाभरात त्यांनी दोन्ही भिंती उभ्या केल्या. छप्पर चढलं, दारं लागली, फादर, चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या मावशी, गावातले पाचपंचवीस लोक बघायला जमले. चहा आला. आणि काका हात पुसत पुसत तिच्यापाशी आले.

"बाई, सात दगड उरले."

"कुठले?"

"लांबडे. भिंत बांधणारे. आतून अकरा होते ना. उजव्या अंगाला. अर्ध्या भिंतीत शिरलेले आणि आत वीतभर बाहेर आलेले. बापाबरोबर छपराला आलो होतो मी इथे, तेव्हा त्यांच्यावर पाय देऊन वर चढायचो. पायरीसारखे. अकरा मोजून. तुमच्या कागदावर चारच आहेत, म्हणून मी चारच घातले. साहेबांनी सांगितलं होतं, कागदाबाहेर एक चीपसुद्धा लावायची नाही."

सगळे तिच्याकडे बघत होते. साहेबही. तिला आठवतं, तिच्या हातात कप होता आणि चहावर साय धरत होती. एवढंच म्हणायचं होतं की थांबा, बघावं लागेल. त्याऐवजी तिने मान वाकडी करून, लाडाने, लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं, "काका, लहानपणीचं सगळंच मोठं दिसतं हो. साठ वर्षांत चाराचे अकरा होतात!"

लोक खळखळून हसले. साहेब सगळ्यांत मोठ्याने. काकाही ओशाळं हसले आणि आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "असेल. असेल बाई."

"आणि ते सात?" मावशींनी विचारलं.

"आधीच्या कुठल्यातरी दुरुस्तीतले असतील, भर म्हणून टाकलेले," ती म्हणाली. "फुलांच्या वाफ्याला लावा. छान दिसतील."

त्याला आता वर्ष होत आलं होतं.

ती पोचली तेव्हा फाटकाला आडवी दोरी बांधलेली होती आणि दोरीवर पुठ्ठा: बंद. उजव्या भिंतीची बाहेरची बाजू जेवून सुस्तावलेल्या माणसासारखी पुढे आली होती. तिने भिंतीच्या कडेशी ओळंबा सोडला. दोरीच्या टोकाचं वजन हलायचं थांबलं. वर भिंत दोरीला चिकटलेली, मध्ये दोरीच्याही चार बोटं पुढे. दोन बाजूंमधली भर आतून रेटत होती, आणि तिला आवरून धरायला चारच हात होते.

"बघितलंत ना?" मागून आवाज आला. किल्लीवाल्या मावशी. चर्चची, आवाराची, अवजारांच्या खोलीची अशा सगळ्या किल्ल्या कमरेला, म्हणून गावाने ठेवलेलं नाव. "गेल्या महिन्यात बेकरीवाल्याची आई गेली. पेटी मागच्या खिंडारातून आत न्यावी लागली. पालापाचोळ्याच्या गाड्या जातात तिथून. बेकरीवाला एवढा दांडगा माणूस, रडत होता. म्हणाला, आईला केरासारखी आत नेली."

ती ओळंबा गुंडाळत राहिली.

"अकराकाकांचं वय झालं, दुसरं काय."

"कोण काका?"

"अकरा! तुम्हीच तर बारसं केलंत की." मावशी हसल्या. "त्या दिवसापासून सगळं गाव त्यांना अकराच म्हणतं. शाळेतली पोरं मागून ओरडतात, काका, किती वाजले? अकरा! आधी चिडायचे. आता काही बोलत नाहीत."

मावशींनी मागच्या खिंडाराचं जाळीचं दार उघडून तिला आत सोडलं. चर्चच्या दाराकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेला फुलांचा वाफा होता. त्याच्या काठाने ते सात दगड मांडलेले. झेंडूच्या रोपांना आधार. एकेक हातभर लांब, एक टोक ओबडधोबड आणि चुन्याने पांढुरकं, दुसरं वीतभर गुळगुळीत. ती वाकली. गुळगुळीत टोकाच्या वरच्या अंगाला प्रत्येकावर उथळ खळगा पडला होता. पायांनी पडतो तसा.

तिने हात लावला नाही. लगेच सरळ झाली, कोणी बघितलं की काय म्हणून.

गवंडीकाकांचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत होतं. खरं तर तिकडे जायची गरज नव्हती. अहवाल दोन ओळींचा, कारागिराचं लेखी आहेच. पण ती गेली. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. बहुधा ते ठणठणीत आहेत, कुरकुरत आहेत, कोणाला तरी शिव्या घालत आहेत, असं बघून मोकळं व्हायचं होतं तिला.

दार सुनेने उघडलं. तिच्याच वयाची, कडेवर वर्षा-दीड वर्षाची मुलगी, खांद्यावर दुधाचा डाग. एकमेकींच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दोघींनी एका नजरेत वाचली.

"ऑफिसातून ना? या. बाबांना जास्त प्रश्न नका विचारू हं. गोंधळतात."

स्वयंपाकघर स्वच्छ होतं. आणि जिकडेतिकडे कागद चिकटवलेले. कपाटावर: कप. दुसऱ्यावर: औषधं. गॅसच्या बटणापाशी: बंद केलास का? मागच्या दारावर: किल्ली घेतलीस का? तीच मोठी, सुटी अक्षरं.

"मी नाही लावले," सून हळूच म्हणाली. "त्यांचे ते लावतात. भिंतीचं झाल्यापासून. डॉक्टरांकडे नेलं दोनदा. तीन शब्द सांगतात आणि थोड्या वेळाने विचारतात ना, तसली परीक्षा. पहिल्यांदा तिन्ही सांगितले. दुसऱ्यांदा इतके घाबरले की एकही नाही आला."

काका खिडकीशी बसले होते. हात मांडीवर, रिकामे. त्या हातांत काहीच नाही हे बघायला कसंतरी वाटत होतं, जसं चष्मा काढलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघायला वाटतं. ती दिसताच उठू लागले.

"बसा, बाई. बघितलीत भिंत? माझी लाज निघाली बघा. पन्नास वर्षं काम केलं, कुणाच्या भिंतीने पोट नाही काढलं." ते थांबले. "चुना नीट मुरला नसेल. नाहीतर थर चुकला असेल. मला आठवत नाही ना. तुम्ही लिहा, हात चुकला म्हणून. मी सही करतो."

सुनेने चहा ठेवला. कडेवरची मुलगी आजोबांकडे झेपावली, दोन्ही हात पसरून, आडवी होऊन. काकांचे हात मांडीवरून उठले आणि मध्येच थांबले. त्यांनी सुनेकडे बघितलं.

"नको गं राणी, आजोबा दमलेत," सून म्हणाली आणि मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग हिच्याकडे वळून, आवाज खाली आणून, एक आई दुसरीला सांगते तसं म्हणाली, "आधी रोज फिरायला न्यायचे. आता मीच नाही देत. मध्येच विसरले, रस्त्यात कुठे ठेवून आले तर? वाईट वाटतं. पण तुम्हीच सांगा, तुम्ही दिली असती?"

काकांना ऐकू गेलं होतं. ते आपल्या हातांकडे बघत होते.

तिने दिली असती का? तिने तर धडधाकट सासूबाईंकडेही निर्धास्तपणे दिली नव्हती. उशीखालच्या एका फोनसाठी तिने नऊ वेळा त्यांना मनातल्या मनात मारलं होतं. तिला कागदपत्रं पिशवीत भरून पळून जावंसं वाटलं. पाय तसे निघालेही होते. चहा अर्धा ठेवून ती उठली, "बरं, निघते मी" असं म्हणालीही. काका तिला सोडायला दारापर्यंत आले. दारावरचा कागद वाचला, खिसा चाचपून किल्ली आहे ना बघितलं, आणि मग कडी काढली. स्वतःच्या घराची कडी. ती कोणी परीक्षेला बसल्यासारखी काढत नाही.

"काका," ती म्हणाली. "अकराच होते."

"काय?"

"दगड. अकराच होते."

काका तिच्याकडे बघत राहिले. या खेपेस हातांकडे नाही, तोंडाकडे. "तुम्ही मोजले होते?"

"नाही. तेच सांगतेय. मोजलेच नव्हते. आतली बाजू मी बघितलीच नाही. वेल सोडवलाच नाही. घरी बसून काढलं ते चित्र. मनाने."

स्वयंपाकघरात सून भांडं ठेवता ठेवता थांबली.

"का?" काकांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं कुतूहल, जसं वाकड्या सांध्याकडे बघून विचारावं.

"मुलीची काळजी वाटली. घरून फोन उचलला जात नव्हता. गेले. काही झालेलं नव्हतं." सांगताना तिला ऐकू येत होतं की हे किती लहान आहे. मुलगी खरंच आजारी असती तर निदान कारणाला वजन तरी आलं असतं. "झोपल्या होत्या दोघी."

"ते असू दे. त्या दिवशी मी विचारलं तेव्हा? सात उरले म्हणालो तेव्हा?"

"तेव्हा कळलं मला."

"तेव्हा कळलं."

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, चाराचे अकरा होतात."

तिने मान हलवली. डोळे भरून आले होते आणि त्याचीही तिला लाज वाटत होती; जणू रडून ती आणखी काहीतरी मागत होती.

सून पुढे आली. मुलगी कडेवर तशीच. "बाई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? आम्ही डॉक्टरकडे नेलं यांना. मी यांच्या हातातून पोर काढून घेतली. सांगितलं मी यांना तोंडावर, बाबा, तुमचा भरवसा नाही!" तिचा आवाज फुटला. "आणि तुम्ही आत्ता चहा पिऊन निघाला होतात!"

"हो," ती म्हणाली.

काकांनी हात वर केला, सुनेला गप्प करायला. मग ते दाराच्या चौकटीला टेकले. ते ओरडतील, बाहेर व्हा म्हणतील याची ती वाट बघत होती. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले. "मोठ्याने. हिला नीट ऐकू जाऊ दे. आकडा सांगा."

"अकरा होते," ती मोठ्याने म्हणाली. "तुम्हाला बरोबर आठवत होतं."

काकांनी डोळे मिटले आणि उघडले. "आता लिहा."

तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिलं. साहेबांनी दोन ओळी म्हटलं होतं, सात झाल्या. आतली बाजू मी मोजली नाही. नकाशा कल्पनेने काढला. कारागिराने उरलेल्या दगडांबद्दल सर्वांसमोर विचारलं होतं, मी त्यांना चुकीचं ठरवलं. भिंत नकाशाप्रमाणेच बांधली गेली, दोष नकाशाचा. काकांनी चष्मा लावून वाचलं, एका जागी बोट ठेवलं. "सर्वांसमोर काय म्हणालात तेही लिहा. तेच शब्द." तिने तेच शब्द लिहिले. कागदावर ते जास्तच खेळकर दिसत होते.

मग तिने त्यांच्यासमोरच साहेबांना फोन केला. पलीकडे आधी हसू होतं, मग एकच वाक्य: "उद्या सकाळी माझ्या केबिनमध्ये या, येताना अजून कुठले नकाशे तुम्ही घरी बसून काढलेत त्याची यादी आणा." एकही नव्हता. पण यापुढे ते कोण मानणार होतं? तिच्या चित्रातली प्रत्येक झिजलेली कड आता कोणीतरी जाऊन पडताळून बघणार होतं.

फोन ठेवला तेव्हा काका बूट घालत होते.

"चला," ते म्हणाले. "खडू आहे का?"

ते पुढे आणि ती मागे, असे दोघं गल्लीतून चर्चकडे गेले. सून आली नाही, पण दारात उभी राहून बघत राहिली. मावशींनी मागच्या खिंडाराच्या दाराची किल्ली काढली; पालापाचोळ्याच्या गाड्यांच्या चाकोरीतूनच ते आत शिरले. वाफ्यापाशी काका गुडघ्यांवर बसले आणि पहिल्या दगडाच्या खळग्यावर पंजा ठेवला.

"अय्या, काय शोधताय अकराकाका?" मावशींनी विचारलं.

काकांनी नुसतं तिच्याकडे बघितलं. तिला कळलं, हेही तिलाच करायचंय.

"मावशी, अकराच होते," ती म्हणाली. "मी खोटं बोलले होते. यांना त्या नावाने हाक नका मारू." आणि मग सगळं पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा थोडं अडखळत. मावशींचा हात किल्ल्यांवर गेला आणि तिथेच राहिला. संध्याकाळपर्यंत गावभर होणार होतं. बेकरीवाल्याकडे सगळ्यात आधी.

काकांनी खडू मागितला. पहिल्या दगडावर लिहिलं: एक. "हा सगळ्यात खालचा. तिसरा थर. डाव्या पायाचा. लिहा." ती वही मांडीवर घेऊन लिहू लागली. "हा त्याच्या वर, पण हातभर उजवीकडे. याचं नाक तुटलंय बघा, तेव्हाही तुटलेलं होतं, बापाची टाच लागली होती." दोन. "हा तुमच्या चारांपैकी एकाच्या शेजारचा. दोघं भावासारखे चिकटून होते." तीन, चार. ते बसल्या जागी पाय किंचित उचलत, आधी डावा, मग उजवा, जणू अजून चढतच होते. पाच. सहा.

सातव्या दगडापाशी खडू थांबला.

काकांनी तो उलटवला. पुन्हा सुलटा केला. खळग्यावर अंगठा फिरवला. चर्चच्या कौलांवर एक पारवा घुमत होता. मनात ती त्यांना पुढे ढकलत होती, आठवा, आठवा, काहीतरी सांगा. एक जागा सांगितली की झालं. वर उजवीकडे म्हटलं तरी चाललं असतं. कोण बघायला येणार होतं?

"हा नाही आठवत," काका म्हणाले.

"थोडा वेळ घ्या, काका."

"वेळ कशाला? नाही आठवत म्हणजे नाही आठवत." त्यांनी खडू तिच्यापुढे धरला. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजाला धार आली होती. "तुम्ही असतात तर काढलंच असतंत काहीतरी. देखणं."

तिची मान खाली गेली.

"लिहा," ते म्हणाले. "सातवा. जागा माहीत नाही."

तिने लिहिलं. आजवर तिच्या कुठल्याही नकाशावर हे तीन शब्द आले नव्हते. पिशवीत फोन थरथरत होता. घरून असेल. काकांनी गुडघे धरून उठायचा प्रयत्न केला, तिने हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही, सातव्या दगडाला रेटा देऊन ते स्वतःच उभे राहिले आणि हात झटकत भिंतीकडे चालू लागले. ती वही छातीशी धरून मागून निघाली, चार पावलं अंतर राखून.